दोन दारं, दोन कोठ्या: चालू मेल क्लस्टर अपग्रेड करण्याची रीत

मेल सर्व्हर सांभाळायला नव्याने बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती अपग्रेडची, आणि ती रास्तच आहे. वेबसाइट दहा मिनिटं बंद पडली तर लोक थोड्या वेळाने पुन्हा येतात. मेल चुकून कायमची नाकारली गेली तर पाठवणाऱ्याला 'असा पत्ताच नाही' असं उत्तर जातं आणि आपल्याकडे ती आली होती हे कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून अनेक जण अपग्रेड पुढे ढकलत राहतात. तेही परवडत नाही. डिसेंबर २०२३मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, एसएमटीपी स्मगलिंग नावाची त्रुटी जाहीर झाली (एसएमटीपी म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेणारा प्रोटोकॉल) आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या ३.८.४, ३.७.९ अशा दुरुस्त आवृत्त्या लगोलग आल्या. ज्यांना मशीन एकेक करून बाजूला काढायची सवय होती, त्यांना हे काम भर दिवसा करता आलं.

ती सवय कशी लावायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे. अपग्रेडच्या दिवशी पॅकेज बदलणं हे सगळ्यात छोटं काम असतं. मशीनवरचं काम आधी काढून घेणं, ते खरोखर निघालंय याची खात्री करणं आणि परत देताना घाई न करणं, यातच सगळा दिवस जातो आणि जायलाच हवा.

उदाहरणाचा क्लस्टर

समजा मिळून एकच मेल सेवा देणारी चार मशीन आहेत, म्हणजेच आपला क्लस्टर, चारही डेबियन लिनक्सच्या आवृत्ती १२वर, आणि ती डेबियन १३वर न्यायची आहेत. पुढच्या दोघांना दार-१, दार-२ म्हणू आणि मागच्या दोघांना कोठी-१, कोठी-२.

दारांवर पोस्टफिक्स आहे. बाहेरून येणारी मेल पोर्ट २५वर येते, आपली माणसं ५८७वरून पाठवतात. डीएनएसमध्ये दोन्ही दारांच्या एमएक्स नोंदी (आपल्या डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणाऱ्या) सारख्याच प्राधान्याच्या आहेत, त्यामुळे बाहेरचे सर्व्हर कधी या दाराला येतात, कधी त्या. दारांवरच डव्हकॉट, म्हणजे मेलबॉक्स उघडून देणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ म्हणून बसलंय. माणूस ९९३वर, म्हणजे मेल वाचण्याच्या आयमॅप प्रोटोकॉलच्या पोर्टवर, लॉगिन करतो, प्रॉक्सी डेटाबेसला विचारतो की याची कोठी कोणती, आणि कनेक्शन तिकडे जोडून देतो. ५८७ आणि ९९३साठी एक सामाईक आयपी आहे, तो कीपअलाइव्हडी नावाचा प्रोग्राम दोन दारांपैकी एकावर ठेवतो.

कोठ्यांवर खरं डव्हकॉट चालतं. सगळ्यांच्या मेलबॉक्स एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक साठवणीवर आहेत, म्हणजे कुणाचीही मेल दोन्ही कोठ्यांना दिसते. तरीही एका वेळी एका माणसाला एकच कोठी द्यायची, हा नियम पाळायचा. एकच मेलबॉक्स एनएफएसवरून दोन मशीननी एकदम उघडली की इंडेक्स फाइल्स बिघडतात. म्हणून वापरकर्त्यांच्या तक्त्यात 'कोठी' हा रकाना आहे, आणि आपलं अर्धं काम या एका रकान्यावर चालणार आहे. दारावर आलेली मेलही पोस्टफिक्स एलएमटीपीने (मेलबॉक्सपर्यंत मेल पोचवण्याचा प्रोटोकॉल) त्याच प्रॉक्सीमार्फत त्याच रकान्याप्रमाणे पोचवतो.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगतो. या मांडणीत एनएफएस सर्व्हर एकच आहे. त्याचं अपग्रेड हा वेगळा विषय आहे, त्यासाठी आधी सूचना देऊन सेवा थांबवावी लागते, आणि ते या कामात मिसळायचं नाही. वापरकर्त्यांचा डेटाबेसही त्याच दिवशी हलवायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली की बिघाड शोधायला सोपा जातो.

मेल थांबते, माणूस थांबत नाही

एसएमटीपी हा मुळातच सोशिक प्रोटोकॉल आहे. समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल किंवा त्याने ४ने सुरू होणारा कोड दिला, तर पाठवणारा मेल आपल्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीचं मानक असलेली आरएफसी ५३२१ सांगते की हे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू ठेवावेत. पोस्टफिक्सची मूळ मुदतही ५ दिवसांचीच आहे. थोडक्यात, दोन्ही दारं तासभर बंद राहिली तरी बाहेरून येणारी मेल हरवत नाही, उशिरा येते एवढंच.

खरा धोका आहे ५ने सुरू होणाऱ्या कोडचा. ५५० म्हणजे कायमचा नकार. सर्व्हर बंद असणं परवडतं, पण अर्धवट चालू असलेला सर्व्हर परवडत नाही. डेटाबेसशी संपर्कच झाला नाही तर पोस्टफिक्स तात्पुरता नकार देतो, ते ठीक आहे. पण संपर्क झाला आणि तक्ता रिकामा मिळाला, म्हणजे कॉन्फिगमध्ये चाचणीच्या डेटाबेसचं नाव राहून गेलं असलं, तर प्रत्येक खऱ्या माणसासाठी 'असा वापरकर्ता नाही' हे उत्तर जाईल आणि पोस्टफिक्सच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. यावर उपाय आहे 'सॉफ्ट_बाउन्स' हे सेटिंग. ते 'येस' केलं की पोस्टफिक्स कायमचे नकार तात्पुरत्यात बदलतो. नव्याने अपग्रेड झालेलं प्रत्येक दार पहिल्या दिवशी या सेटिंगसह चालू करायचं. चुकीच्या ठिकाणी पाठवलेली मेल मात्र ते परत आणत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

आयमॅपचं उलटं आहे. तिथे समोर माणूस बसलेला असतो. फोनवरचा मेल क्लायंट तासन्‌तास एकच कनेक्शन धरून बसतो, नव्या मेलची वाट बघत. ते तोडलं की क्लायंट लगेच पुन्हा जोडतो, बहुतेकांना कळतही नाही. पण जोडायला जागा हवी, आणि सगळे एकदम जोडायला आले तर तीही पुरायला हवी.

आधीच्या आठवड्यात करायची कामं

पहिलं काम मोजणीचं. एक कोठी बंद असताना दुसरी सगळ्यांना पुरते का? सीपीयू आणि मेमरी लोक बघतात, डव्हकॉटच्या मर्यादा बघायच्या राहतात. डव्हकॉट २.३मध्ये आयमॅप सेवेची प्रोसेस मर्यादा मुळात १०२४ असते आणि साधारणपणे एका कनेक्शनला एक प्रोसेस लागते. प्रत्येक कोठीवर गर्दीच्या वेळी सातशे कनेक्शन असतील तर दोन्ही कोठ्या निवांत दिसतात. सगळी एकीवर आली की चौदाशे होतात, मर्यादा ओलांडते, नवी कनेक्शन तोडली जातात आणि लॉगमध्ये 'प्रोसेस लिमिट रीच्ड' अशा ओळी पडू लागतात. 'डव्हअॅडम हू' ही कोण कोण जोडलंय ते दाखवणारी कमांड गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी अकराच्या सुमाराला दोन्ही कोठ्यांवर चालवा, आकड्यांची बेरीज करा आणि मर्यादा त्याच्या बरीच वर न्या. हे अपग्रेडच्या आधी, जुन्या आवृत्तीवरच करायचं.

दुसरं काम कॉन्फिगचं, आणि या वेळच्या अपग्रेडमध्ये तेच सगळ्यात जड आहे. डेबियन १२मधून १३मध्ये जाताना पोस्टफिक्स ३.७वरून ३.१०वर जातो. तो आपल्या जुन्या कॉन्फिगला सांभाळून घेतो, 'कम्पॅटिबिलिटी लेव्हल' जुनी असेल तर जुनं वर्तन चालू ठेवतो. डव्हकॉट मात्र २.३वरून २.४वर जातं आणि २.४ला जुनी कॉन्फिग फाइल चालत नाही. जुनी फाइल ठेवून अपग्रेड केलंत तर डव्हकॉट सुरूच होणार नाही.

बदल बरेच आहेत, नव्या माणसाला हमखास अडवणारे तेवढे सांगतो. फाइलमधलं पहिलं सेटिंग 'डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' असायलाच हवं. 'मेल_लोकेशन' गेलं, त्याजागी मेलबॉक्सचा प्रकार आणि पत्ता वेगवेगळ्या सेटिंगमध्ये लिहायचे. प्रमाणपत्र आणि किल्लीच्या सेटिंगची नावं बदलली. एसक्यूएलसाठीची वेगळी फाइल जाऊन ती क्वेरी मुख्य कॉन्फिगमध्ये आली. एकअक्षरी व्हेरिएबल्स गेली, आता महिरपी कंसात पूर्ण नाव लागतं. आणि 'डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ'च्या जागी 'ऑथ_अलाउ_क्लिअरटेक्स्ट' आलं, ज्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. पूर्वी तिथे 'येस' असेल तर आता 'नो' लिहायचं. नुसतं नाव बदलून उत्तर तेच ठेवलंत तर पासवर्ड उघड्यावर पाठवायला मोकळीक दिलीत असं होईल. जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवलेले पासवर्डही २.४ आपणहून स्वीकारत नाही. पंधरा वर्षांपूर्वी खातं उघडलेली आणि त्यानंतर पासवर्ड कधीच न बदललेली माणसं शोधून काढा, त्यांचं लॉगिन आधी तपासा.

ज्यांच्या दोन कोठ्या एनएफएसऐवजी डव्हकॉटच्या स्वतःच्या रेप्लिकेशनवर (मेलच्या सारख्या प्रती दोन्हीकडे ठेवण्याच्या सोयीवर) चालतात, त्यांनी इथेच थांबावं. २.४मधून रेप्लिकेशन काढून टाकलंय. माणसाला ठरलेल्या कोठीकडे वळवणारा डायरेक्टरही गेला. डेबियन १३च्या प्रकाशन-टिपांमध्येच हा इशारा आहे: पर्याय सापडेपर्यंत अपग्रेड करू नका. तुमचा पहिला प्रकल्प साठवणीची मांडणी बदलण्याचा आहे, अपग्रेड त्यानंतर.

यासाठी एक पाचवं, चाचणीचं मशीन घ्या, त्यावर सरळ डेबियन १३ टाका आणि नवं कॉन्फिग तिथे पूर्ण तयार करा. दारासाठी वेगळं, कोठीसाठी वेगळं. 'डव्हकॉन्फ'ला 'एन' पर्याय दिला की नेमकी तुम्ही बदललेली सेटिंग्ज दिसतात. जुन्या आणि नव्या मशीनवरचे हे दोन कागद शेजारी ठेवून ओळीमागे ओळ जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रत्यक्ष दिवशी विचार करायची वेळ येत नाही ती यामुळेच.

नव्या कोठीच्या कॉन्फिगमध्ये 'डव्हकॉट_स्टोरेज_व्हर्जन' हे सेटिंगही लागतं, आणि ते क्लस्टरवाल्यांसाठीच आहे. नव्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइल्स किती जुन्या आवृत्तीला वाचता आल्या पाहिजेत, हे तिथे सांगायचं असतं. सगळा क्लस्टर नवा होऊन मागे फिरायचा विचार संपेपर्यंत ते जुनंच ठेवायचं. इथे कोणता आकडा चालतो ते तुमच्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत बघा आणि चाचणीच्या मशीनवर पडताळून घ्या.

तिसरं काम छोटं, पण महत्त्वाचं. दोन्ही दारांवर कीपअलाइव्हडीमध्ये 'नोप्रीएम्प्ट' आहे का, आणि दोघांचीही सुरुवातीची स्थिती 'बॅकअप' आहे का, ते बघा. नसेल तर रीबूट झालेलं मशीन जागं झाल्या झाल्या सामाईक आयपी स्वतःकडे खेचून घेईल, तुम्ही एकही चाचणी करायच्या आत.

दिवस कोणता? मी मंगळवार किंवा बुधवार सुचवेन, आणि रात्र तर मुळीच नाही. सेवा थांबणारच नसेल तर रात्री दोनला, डोळ्यांवर झापड असताना काम करण्यात काही हशील नाही. दारं दुपारी करावीत. कोठी सकाळी सहाला सुरू करावी, म्हणजे दहाला लोक येतील तेव्हा तुमची टीम जागेवर असते. मार्चअखेर, पगाराचे दिवस आणि जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख टाळा, हिशेबखात्याचे आशीर्वाद मिळतील.

पहिलं दार

सुरुवात दारापासून करायची. दारावर कुणाची मेलबॉक्स नसते, फक्त क्यू असते, त्यामुळे हात बसवायला हीच जागा चांगली.

आधी दार-१वरचा कीपअलाइव्हडी थांबवा आणि बूटच्या वेळी सुरू होणार नाही असा बंद करा. सामाईक आयपी दार-२कडे जाईल. त्या क्षणी जोडलेली माणसं तुटतील आणि क्षणात परत जोडली जातील. लॉगमध्ये दार-२वर लॉगिनचा लोंढा दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग बाहेरून येणारं पोर्ट २५ फायरवॉलने बंद करा. इथे 'ड्रॉप' वापरू नका, 'रिजेक्ट' वापरा, तेही टीसीपी रीसेटसह. ड्रॉप केलं तर पाठवणारा सर्व्हर उत्तराची वाट बघत ताटकळतो. रीसेट मिळालं की तो तत्काळ दुसऱ्या एमएक्सकडे वळतो.

आता क्यू. 'पोस्टक्यू'ला 'पी' पर्याय देऊन बघा काय शिल्लक आहे, मग 'एफ' पर्याय देऊन सगळ्यांचा पुन्हा प्रयत्न करायला लावा. बरीचशी निघून जाईल. जी उरते ती बहुधा अशा पत्त्यांसाठी असते जिथले सर्व्हरच बंद आहेत. ती तशीच ठेवून पुढे जाता येतं, कारण क्यू डिस्कवर असते आणि अपग्रेडमध्ये पुसली जात नाही. पण मी ती रिकामीच करावी म्हणतो, का ते पुढे येईलच. दार-१च्या 'रिलेहोस्ट'मध्ये, म्हणजे बाहेरची मेल कोणत्या सर्व्हरमार्फत पाठवायची त्या सेटिंगमध्ये, दार-२चा पत्ता चौकोनी कंसात लिहा, पोस्टफिक्स रीलोड करा, पुन्हा 'एफ'. बाहेर जाणारी उरलीसुरली मेल दार-२च्या क्यूमध्ये जाऊन बसेल. त्यासाठी दार-२ने दार-१ला आपल्या 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत धरलेलं असायला हवं. यादीत ज्या मेलच्या नावापुढे उद्गारचिन्ह आहे ती कुणीतरी मुद्दाम होल्डवर ठेवलेली असते, ती 'एफ'ने हलत नाही. ती का ठेवली ते विचारा, मग 'पोस्टसुपर'ने सोडा किंवा काढा.

क्यू शून्य झाली, पोस्टफिक्स थांबवला, की मगच मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डिस्कची प्रत) घ्या. हा क्रम चुकवू नका. क्यूमध्ये दोनशे मेल असताना स्नॅपशॉट घेतला, त्या नंतर पोचल्या, आणि संध्याकाळी काही बिघडलं म्हणून तुम्ही स्नॅपशॉटवर परतलात, तर त्या दोनशे मेल क्यूमध्ये पुन्हा जिवंत होतात आणि लोकांना दुसऱ्यांदा जातात. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात या दाराने स्वीकारलेली पण अजून न पोचवलेली मेल नाहीशी होते. पाठवणाऱ्याला आपण 'मिळाली' असं सांगितलेलं असतं, त्यामुळे तो पुन्हा पाठवणार नाही. म्हणून परत फिरण्याआधीही तेच करायचं: पोर्ट बंद, क्यू रिकामी, मगच स्नॅपशॉटवर परतायचं.

यानंतर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही सेवा सिस्टिमडीत 'मास्क' करा, म्हणजे त्या सुरूच होऊ शकणार नाहीत. डेबियनमध्ये पॅकेज बसलं की सेवा आपोआप सुरू होते, ते आपल्याला नकोय. अपग्रेड टीमक्सच्या आत चालवा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी काम अर्धवट राहणार नाही. आधी डेबियन १२ची सगळी ताजी अपडेट्स घ्या, मग सोर्स यादीत 'बुकवर्म'च्या (डेबियन १२चं नाव) जागी 'ट्रिक्सी' (१३चं नाव) करा, नवी पॅकेजेस न घालता पहिली फेरी आणि नंतर 'फुल-अपग्रेड'. कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न आला तर आपली ठेवा. रीबूट करा. तयार ठेवलेलं नवं डव्हकॉट कॉन्फिग जागेवर टाका, पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट_बाउन्स' येस करा, 'रिलेहोस्ट' पूर्वीसारखा करा.

ही शेवटची पायरी पुन्हा वाचा. रिलेहोस्ट तसाच राहिला तर दार-१ सगळी मेल दार-२मार्फत पाठवत राहील आणि आज कुणाला कळणार नाही. उद्या दार-२ रिकामं करताना त्याचा रिलेहोस्ट दार-१ कराल, आणि दोन्ही दारं तीच मेल एकमेकांकडे टोलवत बसतील. पोस्टफिक्स ५० टप्प्यांनंतर हा खेळ थांबवतो आणि मेल बाउन्स करतो.

सेवा अनमास्क करून सुरू करा. बाहेरचं २५ अजून बंदच आहे, त्यामुळे चाचण्या निवांत करता येतात. आतल्या एखाद्या मशीनवरून स्वाक्स हे मेल-चाचणीचं साधन वापरून दार-१च्या थेट आयपीवर मेल पाठवा:

- अस्तित्वात असलेल्या पत्त्याला. ती मेल मेलबॉक्समध्ये दिसली पाहिजे. '२५० ओके' मिळालं म्हणजे पोचली असं नाही.
- नसलेल्या पत्त्याला. सॉफ्ट_बाउन्स चालू असताना ५५०ऐवजी ४ने सुरू होणारा कोड यायला हवा.
- आपल्या क्लस्टरशी संबंध नसलेल्या बाहेरच्या पत्त्याला, लॉगिन न करता, पण मायनेटवर्क्समध्ये नसलेल्या आतल्या आयपीवरून. नकार यायला हवा. इथे मेल स्वीकारली गेली तर तुम्ही स्पॅमवाल्यांना मोकळं रान दिलंत.
- ५८७वरून लॉगिन करून जीमेलसारख्या बाहेरच्या खात्याला. तिथे मूळ हेडर उघडून एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का याच्या तपासण्या) दोन्ही 'पास' आहेत ते बघा.
- कार्यालयातला स्कॅन करून मेल पाठवणारा प्रिंटर. त्याच्यातलं टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, जुनं असतं आणि तक्रार नेहमी तिथूनच येते.

सगळं ठीक असेल तर पोर्ट २५ उघडा आणि लॉगसमोर बसा. पहिल्या अर्ध्या तासात एकच गोष्ट शोधायची: 'रिजेक्ट' शब्द असलेल्या ओळी. प्रत्येक ओळीतला पत्ता खरोखर नाकारण्याजोगा आहे का ते बघा. खऱ्या माणसाचा पत्ता दिसला तर पोर्ट बंद करा आणि कारण शोधा. सॉफ्ट_बाउन्समुळे ती मेल पाठवणाऱ्याकडे शाबूत आहे, ती दार-२वर येईल.

दुसऱ्या दिवशी सॉफ्ट_बाउन्स काढा. ते कायम ठेवायची वस्तू नाही, खरोखर चुकीच्या पत्त्यांची मेल क्यूमध्ये साचत राहते आणि पाठवणाऱ्याला आपली चूक कळत नाही. मग कीपअलाइव्हडी चालू करा, आणि सामाईक आयपी मुद्दाम एकदा दार-१वर आणून अर्धा दिवस तिथे राहू द्या. गर्दीच्या वेळचा अनुभव घेतल्याशिवाय दार-२ला हात लावायचा नाही. दार-२ची रीत हीच.

कोठी

कोठीवर माणसं असतात, म्हणून इथे काम मशीनऐवजी माणसांच्या हिशेबाने करायचं. कोठी-१वरच्या सगळ्यांना एकदम हलवू नका. विभागानुसार किंवा डोमेननुसार गट पाडा, पहिला गट आपल्याच टीमचा.

एका गटासाठी तीन गोष्टी एकामागोमाग एक, मध्ये न थांबता करायच्या. तक्त्यात त्या गटाची कोठी २ करा. दोन्ही दारांवर 'डव्हअॅडम ऑथ कॅश फ्लश' चालवा. कोठी-१वर 'डव्हअॅडम किक'ने त्या गटाची कनेक्शन तोडा. मधली पायरी विसरली जाते. प्रॉक्सीवर ऑथ कॅश, म्हणजे लॉगिनच्या निकालांची तात्पुरती साठवण, चालू असेल तर त्यात पासवर्डच्या निकालाबरोबर कोठीचा पत्ताही साठवलेला असतो. तुम्ही किक करता, माणूस परत येतो, आणि जुन्या आठवणीप्रमाणे पुन्हा कोठी-१वरच जाऊन बसतो. दरम्यान त्याची नवी मेल कोठी-२कडून मेलबॉक्समध्ये पडायला लागलेली असू शकते, म्हणजे टाळायची होती तीच परिस्थिती. तिन्ही कमांडची एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवा. किकला नावाच्या जागी तारांकित नमुना देता येतो, त्यामुळे गट मोठा असला तरी एका ओळीत काम होतं.

पहिला गट गेला की पाच मिनिटं थांबा. कोठी-२वर 'डव्हअॅडम हू' बघा, डेटाबेसवरचा ताण बघा. वेबमेलची माणसं सहज हलतात, कारण राउंडक्यूबसारखं वेबमेल प्रत्येक विनंतीला नवं आयमॅप कनेक्शन करतं. फोनवाली परत यायला क्षणभर घेतात. मग पुढचा गट.

कोठी-१वर 'हू' पूर्ण रिकामं दिसलं आणि लॉगमध्ये एलएमटीपीची हालचाल थांबली, की ती मोकळी झाली. तिच्या स्वतःच्या डिस्कवर काहीच नाही, सगळं एनएफएसवर आहे, म्हणून इथे स्नॅपशॉट घेणं आणि त्यावर परतणं निर्धोक आहे. अपग्रेडच्या पायऱ्या दारासारख्याच: मास्क, दोन फेऱ्या, रीबूट, नवं कॉन्फिग. एक जास्तीची खबरदारी म्हणजे रीबूटनंतर डव्हकॉट सुरू करण्याआधी एनएफएस खरंच माउंट झालंय का ते बघा. नसेल तर डव्हकॉट रिकाम्या फोल्डरमध्ये नव्या मेलबॉक्स बनवायला लागेल आणि लॉगिन केलेल्या माणसाला आपली सगळी मेल गायब झालेली दिसेल. सिस्टिमडीमध्ये डव्हकॉटला त्या माउंटवर अवलंबून ठेवायची सोय आहे, ती कायमचीच करून टाका.

परत आणतानाही आधी एक चाचणीचं खातं, मग आपली टीम. फोल्डर दिसतात का, जुनी मेल उघडते का, शोध चालतो का, न वाचलेल्यांचा आकडा बरोबर आहे का, सीव्हचे (मेल आपोआप वाटून लावणारे) नियम नव्या मेलवर लागतात का. शेवटचं विशेष तपासा, कारण रजेवरच्या माणसाचं आपोआप जाणारं उत्तर आणि फोल्डरमध्ये होणारी वाटणी बंद पडली तरी मेल येतच राहते आणि बिघाड दोन दिवसांनी कळतो. टीम एक पूर्ण दिवस नव्या कोठीवर राहू द्या. मग बाकीचे गट, आणि कोठी-२ रिकामी करायला सुरुवात.

मध्येच काही अडलं आणि दोन्ही कोठ्यांवरची डिलिव्हरी थोडा वेळ थांबवावी लागली, तर दारांवर 'डिफर_ट्रान्सपोर्ट्स'मध्ये एलएमटीपी लिहा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. बाहेरून मेल येत राहील आणि क्यूमध्ये शांत थांबेल. काम झालं की ते काढून 'पोस्टक्यू'चा 'एफ' चालवायचाच. पोस्टफिक्स दर प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ वाढवत नेतो, मूळ सेटिंगमध्ये ४००० सेकंदांपर्यंत. आपण होऊन क्यू हलवली नाही तर सगळं सुरळीत झाल्यावरही काही मेल तासाभराने पोचतील आणि फोन वाजत राहतील.

सगळं नवं झाल्यावर

चारही मशीन नवी झाली की आठवडाभर तशीच चालू द्या. डव्हकॉटचं स्टोरेज व्हर्जन या आठवड्यात जुनंच राहील. त्या आठवड्यात महिन्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा येणारा गर्दीचा दिवस येऊन गेलेला असावा. मग स्टोरेज व्हर्जन नव्या आवृत्तीवर न्या, एका वेळी एकाच कोठीवर, पुन्हा गट हलवूनच. त्यानंतर पोस्टफिक्सची कम्पॅटिबिलिटी लेव्हल हाती घ्या. जुन्या मूळ सेटिंगवर कुठे विसंबलो आहोत ते लॉगमधल्या इशाऱ्यांवरून कळतं. प्रत्येकाबद्दल निर्णय घेऊन ते कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहा आणि मगच लेव्हल वाढवा.

शेवटी स्नॅपशॉट पुसून टाका. त्यांच्यात टीएलएसच्या खासगी किल्ल्या आणि डेटाबेसचे पासवर्ड जसेच्या तसे आहेत, आणि आठवडाभराने त्यांच्यावर परतण्यात तसाही अर्थ उरत नाही.